सई परांजपे : एका दिग्दर्शिकेची दृष्टि

चित्रपट पाहणारा पडद्यावरील नटनटींस ओळखतो; परंतु ज्याच्या दृष्टीनें तो ती कथा पाहत असतो, त्या दिग्दर्शकाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. आपल्या पुण्यांत वाढलेल्या अशाच एका दिग्दर्शिकेचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजीं लखनौ येथें झाला. पिता युरा स्लेप्त्सॉफ हे रशियन चित्रकार. माता शकुंतलाबाई परांजपे या लेखिका व समाजसेविका होत्या. प्रभातच्या ‘कुंकू’ बोलपटांत त्यांनीं कामहि केलें होतें. आईवडील लवकरच विभक्त झाले, व मुलीचें संगोपन आईनें आपले वडील रँग्लर परांजपे यांच्या घरीं केलें. मुलीनें रोज कांहीं तरी लिहिलेंच पाहिजे, असा आईचा दंडक असे. वयाच्या आठव्या वर्षीं ‘मुलांचा मेवा’ हें तिचें पुस्तक प्रसिद्ध झालें !

पुढें पुणें आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयांतील शिक्षण, आणि मग दूरदर्शनवरील दीर्घ उमेदवारी. एवढी पूर्वतयारी झाल्यावर १९८० सालीं ‘स्पर्श’ हा त्यांचा चित्रपट आला. त्यांतील अंध मुख्याध्यापकास मदत चालते, परंतु कींव खपत नाहीं. या चित्रपटाच्या पटकथेसाठीं सईबाईंस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ‘चष्मे बद्दूर’ (१९८१) व ‘कथा’ (१९८३) यांनीं लोकांस खळखळून हंसविलें. पण त्या विनोदांत कोणाचाहि उपमर्द नाहीं.

आपल्या भागास अधिक जवळचा वाटेल तो ‘दिशा’ (१९९०). पोटासाठीं गांव सोडून मुंबईच्या कापडगिरणींत जाणारे, एका खोलींत दाटीवाटीनें राहणारे कामगार, आणि मागें राहिलेलीं त्यांचीं माणसें, यांची ही कथा. गिरणीच्या जागीं पिंपरी-चिंचवड वा चाकणचा कारखाना घातला, कीं ती आपल्या कितीएक घरांची कथा होते. मुलांनो, वडील गांवाकडची शेती सोडून येथें कसे आले, पहिली रात्र त्यांनीं कोठें काढली, हें कधीं त्यांस विचारलें आहे काय ?

सईबाईंस २००६ सालीं पद्मभूषण हा सन्मान मिळाला. परंतु त्यांच्या कलेचें बीज साधें आहे : शेजारच्या माणसाकडे आदरानें पाहणें, आणि जें पाहिलें तें नेमानें लिहून ठेवणें. त्यासाठीं कॅमेरा लागत नाहीं; एक वही पुरते.