वाटलेल्या गोळ्या आणि उरलेले जंत

भारतात २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत वा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला दिली जाते, दोन वर्षांखालील बालकांना अर्ध्या गोळीची पूड पाण्यातून पाजली जाते, आणि त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक फेरी होते. कार्यक्रमाचे यश पटावरील किती टक्के मुलांनी गोळी घेतली यावरून मोजले जाते. हिशेब ठेवण्याची ही रीत सोयीची असली तरी जंतांचा प्रसार ज्या गणिताने चालतो त्यात मोजणीचे एकक मूल नसून जंत आहे, आणि या दोन मोजण्यांची उत्तरे बरेचदा जुळत नाहीत.

जिवाणू किंवा विषाणू शरीरात शिरला की तेथेच वाढत जातो, म्हणून अशा रोगांत माणूस बाधित आहे की नाही एवढे विचारले तरी पुष्कळदा भागते. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी या मातीतून पसरणाऱ्या तिन्ही जंतांचे तसे नाही. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, परंतु ती आतड्यात उबत नाहीत. विष्ठेबरोबर बाहेर पडून ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावरच त्यांच्यात बाधा करण्याची क्षमता येते, आणि मग ती हाताला लागून किंवा न धुतलेल्या भाजीवरून कोणाच्या तरी पोटात जावी लागतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात तीस जंत असतील तर ते तीस वेळा स्वतंत्रपणे बाहेरून आलेले असतात. अशक्तपणा, रक्तक्षय, खुंटलेली वाढ हे सारे या संख्येवर अवलंबून असल्याने दोन जंत असलेले मूल आणि दोनशे जंत असलेले मूल यांना ‘बाधित’ या एकाच रकान्यात बसवणे फारसे शहाणपणाचे नाही.

ही संख्या माणसामाणसांत समान वाटलेली नसते, हे या विषयाचे मर्म आहे. चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या पुलिकत सरोवराकाठच्या मच्छीमार वस्तीत १९८० च्या दशकात संशोधकांनी गावकऱ्यांना जंताचे औषध देऊन पडलेले जंत अक्षरशः मोजले, तेव्हा बहुतेकांच्या पोटात थोडे आणि मोजक्या माणसांच्या पोटात पुष्कळ जंत निघाले. काही महिन्यांनी पुन्हा मोजणी केली असता ज्यांच्या पोटात पहिल्यांदा जास्त होते त्यांच्याच पोटात ते पुन्हा जास्त होण्याकडे कल दिसला. असे विषम वाटप संख्याशास्त्रात ‘ऋण द्विपदी वितरण’ या सूत्राने मांडतात, आणि त्यात विषमतेचे माप ‘के’ या एका अंकात येते: ‘के’ जितका लहान तितके जंत कमी माणसांत एकवटलेले. ‘के’ अर्धा धरला तर एक पंचमांश लोकांत जवळपास दोन तृतीयांश जंत सापडतात.

याच सूत्राने एक छोटा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. गावात माणशी सरासरी दहा जंत असतील, तर किमान एक तरी जंत असलेल्यांचे प्रमाण ७८ टक्के येते. औषधाने सरासरी दहावरून दोनवर आणली, म्हणजे दर पाचांतले चार जंत मेले, तरी बाधितांचे प्रमाण ५५ टक्केच राहते. सरासरी एकवर आली तरी ते ४२ टक्के असते. केवळ बाधितांची टक्केवारी पाहणाऱ्याला कार्यक्रम रखडलेला वाटेल, तर जंत मोजणाऱ्याला तो उत्तम चाललेला दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट मध्यम व तीव्र बाधेचे प्रमाण दोन टक्क्यांखाली आणण्याचे आहे, ते याच कारणाने.

मात्र जंत कमी होणे आणि त्यांची साखळी तुटणे यांत अंतर आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रॉय अँडरसन आणि मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले रॉबर्ट मे यांनी १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या प्रश्नाची मांडणी केली. तिच्या मुळाशी ‘मूलभूत पुनरुत्पादन अंक’ ही कल्पना आहे. जंतांच्या बाबतीत या अंकाचा अर्थ असा, की गर्दीची अडचण नसताना एक मादी जन्मभरात आपल्यामागे प्रौढ होणाऱ्या किती माद्या ठेवते. हा अंक एकापेक्षा जास्त असेल तर औषधाने घटलेली संख्या पुन्हा भरून येते, कारण गोळी म्हणजे लस नव्हे. ती आजचे जंत पाडते, उद्या पोटात जाणारे अंडे अडवत नाही. शिवाय दाटीत राहणारी मादी कमी अंडी घालते, त्यामुळे सोबतचे जंत मेले की वाचलेल्या माद्यांची अंडी वाढतात. औषधानंतर वर्षभरात गोलकृमीच्या बाधितांचे प्रमाण जवळजवळ पूर्वपदावर येते, हे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे.

किती लोकांना औषध द्यावे याचे अँडरसन आणि मे यांच्या पद्धतीने उत्तर काढायला तीन गोष्टी पुरतात: हा अंक, जंताचे आयुष्य आणि औषधाची मारक शक्ती. गोलकृमी सुमारे वर्षभर जगतो. त्याचा अंक दोन असेल आणि औषध शंभरांतले ९५ जंत मारत असेल, तर दर वर्षी सुमारे ६७ टक्के लोकसंख्येला गोळी द्यावी लागते. अंक तीन असेल तर ९१ टक्क्यांना, आणि ते जमण्यासारखे नसल्यास सहा-सहा महिन्यांनी ६७ टक्क्यांना. अंकुशकृमी तीनेक वर्षे जगत असल्याने त्याची भरपाई सावकाश होते. अंक दोन व मारक शक्ती ९० टक्के धरली, तर वर्षाला सुमारे ३१ टक्के लोक पुरतात. हा आकडा पाहून अंकुशकृमी सोपा वाटतो, पण येथेच हिशेब फसतो. यातले ३१ टक्के लोक दर वेळी नव्याने, कोणताही भेद न करता, सगळ्या गावातून निवडलेले आहेत, तर शाळेतल्या कार्यक्रमात गोळी दर वर्षी एकाच वयोगटाला मिळते. गोलकृमी व चाबूककृमी यांचा भार शाळकरी वयात सर्वाधिक असतो. अंकुशकृमीचा भार मात्र वयाबरोबर वाढत जाऊन शेतात राबणाऱ्या प्रौढांत टिकून राहतो. मुले दर वर्षी स्वच्छ होतात आणि मोठ्यांनी दूषित केलेल्या मातीतून पुन्हा बाधित होतात. केनियातील क्वाले परगण्यात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत अंकुशकृमीचे प्रमाण केवळ शाळेत वर्षातून एकदा औषध दिलेल्या भागांत १८.६ वरून १३.८ टक्क्यांवर आले, तर साऱ्या वस्तीला वर्षातून दोनदा औषध दिलेल्या भागांत २०.६ वरून ६.२ टक्क्यांवर.

चाबूककृमीची अडचण निराळी आहे. त्याच्यावर अल्बेंडाझोलची एक मात्रा मुळातच दुबळी पडते. तेथे गोळ्या वाढवून फारसे साधत नाही, दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागते.

गणिताने दाखवलेली एक बाब मात्र जंतांच्या विरोधात जाते. हे जंत नर-मादी असे वेगळे असल्यामुळे संख्या फार घटली की मादीला नर मिळेनासा होतो, तिची अंडी फळत नाहीत, आणि एका मर्यादेखाली साखळी आपोआप तुटते. मलेरियाच्या गणितासाठी ओळखले जाणारे जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी रक्तकृमी (शिस्टोसोम) या वेगळ्या जंतांच्या संदर्भात १९६५ मध्येच हे सुचवले होते. परंतु ज्या विषमतेमुळे मोजकी माणसे जंतांनी भरलेली असतात, तीच विषमता जोड्याही जुळवून देते. जंत एकवटलेले असल्याने ही मर्यादा अगदी खाली, माणशी एका जंताच्याही खाली सरकते.

म्हणून सुटलेली माणसे कोण हा प्रश्न किती सुटली यापेक्षा मोठा ठरतो. प्रत्येक फेरीत ७५ टक्के लोकांना गोळी मिळते असे धरले आणि सुटणारे दर वेळी वेगळे असले, तर चार फेऱ्यांनंतर एकदाही गोळी न मिळालेले हजारात चारच उरतात. तेच सुटणारे दर वेळी सारखे असले, तर ते हजारात अडीचशे उरतात. अहवालात दोन्ही गावांचा आकडा ७५ टक्केच लागतो. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारे मूल, पटावर नाव नसलेली मुलगी, गोळी नको म्हणून हटून बसलेले घर ही या गणितात एकदा चुकलेली हजेरी नसते. दर वर्षी अंडी मातीत सोडणारा तो कायमचा साठा असतो.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी तमिळनाडूत चालवलेल्या, आणि बेनिन व मलावी या आफ्रिकी देशांतही समांतरपणे झालेल्या ‘डीवर्म३’ या चाचणीची आखणी याच मुद्द्यांभोवती केली गेली. निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत तान्ही मुले वगळता सर्व वयांच्या लोकांना वर्षातून दोनदा, तीन वर्षे, घरोघरी औषध द्यायचे, आणि उरलेल्या वस्त्यांत शाळेतला नेहमीचा कार्यक्रम चालू ठेवायचा, अशी ती योजना होती. त्यासाठी आधी घरोघर जनगणना करून प्रत्येक माणसाची नोंद केली गेली, आणि कोणी गोळी घेतली व कोण राहिले हे प्रत्येक फेरीत त्या नावासमोर लिहिले गेले.