यकृताच्या शिरेतील गुठळी : वेळीच उपचार हवेत

आतडी, प्लीहा आदी अवयवांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेस वैद्यकात ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त तिच्यातून येते. तीत गुठळी होऊन मार्ग रोखला गेला की रक्त आडवाटा शोधते; अन्ननलिकेतील शिरा फुगतात व प्रसंगी फुटतात. धडधाकट दिसणाऱ्या मुलास अकस्मात रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखे काळे शौचास होते, त्यामागे हा विकार असू शकतो. नवजात अर्भकाच्या नाळेतील जंतुसंसर्ग हे त्याचे एक कारण होय. म्हणून नाळेस राख वा शेण लावू नये. प्रौढांत यकृताचे जुने आजार व रक्त गोठण्यातील दोषही कारणीभूत ठरतात.

रक्ताची उलटी होताच अंगारे-धुपारे करण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. डॉप्लर सोनोग्राफीने निदान होते. फुगलेल्या शिरांना दुर्बिणीद्वारे रबरी कडी बसवितात. काहींना शस्त्रक्रिया लागते. रक्त पातळ ठेवणारी औषधे सर्वांनाच योग्य नसतात. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. वेदनाशामक गोळ्याही परस्पर घेऊ नयेत.

अशा मुलांचे यकृत बहुधा निरोगी असते. नियमित तपासणी असल्यास ती शाळेत इतरांप्रमाणे शिकू शकतात. प्लीहा वाढलेली असल्यास कबड्डीसारख्या खेळांत पोटाला मार बसणार नाही, एवढी दक्षता शिक्षकांनी घ्यावी.