नीलमणि फूकन : आसामचे नवकवि

नवकाव्य दुर्बोध असतें, तें परदेशांतून आणून लावलेलें कलम होय, असा आक्षेप आपण वारंवार ऐकतों. आसामी कवि नीलमणि फूकन ह्यांच्या कार्यावरून त्या आक्षेपाचा थोडा विचार करूं.

फूकन ह्यांचा जन्म १० सप्टेंबर १९३३ रोजीं गोलाघाट जिल्ह्यांतील डेरगांव येथें झाला. ('वाग्मीवर' ह्या उपाधीनें विख्यात असलेले नीलमणि फूकन हे निराळे व वडील पिढीचे कवि होत.) गौहाटी विद्यापीठांतून इतिहास घेऊन ते एम्. ए. झाले. पुढें १९६४ पासून १९९२ पर्यंत गुवाहाटीच्या आर्य विद्यापीठ महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें.

फ्रेंच प्रतीकवादी कवींचा त्यांच्यावर संस्कार झाला. जपानी कविता आणि स्पेनचा कवि लोर्का हीं त्यांनीं आसामींत आणलीं. आक्षेपकांस एवढा पुरावा पुरेसा वाटेल. परंतु ह्याच कवीनें आसामच्या लोककलेचा आस्थेनें अभ्यास करून 'लोककल्पदृष्टि' हा ग्रंथ लिहिला. लोककला तरी काय करते? आपली आजी उखाणा घालते, तेव्हां ती अर्थ सांगत नाहीं; एक चित्र पुढें ठेवते व गप्प बसते. फूकन ह्यांची कविता हेंच करते.

त्यांच्या १९६३ च्या संग्रहाचें नांवच पाहा : 'सूर्य हेनो नामि आहे एइ नदीयेदि', म्हणजे सूर्य म्हणे ह्या नदीवाटे उतरून येतो. 'हेनो' ह्या शब्दास आपला 'म्हणे' हा अगदीं चपखल जुळतो. 'सूर्य येतो' म्हटल्यानें केवळ विधान झालें असतें. 'म्हणे' येतांच गांवानें ऐकत आलेली गोष्ट कानीं पडते. प्रतीक नवें, बोलण्याची तऱ्हा मात्र घरची.

त्यांस १९८१ सालीं साहित्य अकादमीचें व पुढें २०२० सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. ज्ञानपीठाची घोषणा डिसेंबर १९२१ नव्हे, २०२१ मध्यें झाली. तिच्याबरोबरच गोव्याचे कोंकणी लेखक दामोदर मावजो ह्यांचेंही नांव २०२१ सालासाठीं जाहीर झालें. आसामींतील आधीचे दोन मानकरी, बीरेन्द्रकुमार भट्टाचार्य व इंदिरा गोस्वामी, प्रामुख्यानें कादंबरीकार होते. १९ जानेवारी २०२३ रोजीं फूकन निवर्तले.

तेव्हां नवी कविता हातीं आल्यास प्रथम अर्थ विचारूं नये. चित्र डोळ्यांपुढें उभें करावें. कलम परकें कीं घरचें, हें मग मुळांकडे पाहून ठरवावें.