मधमाशीच्या मापाने घडलेली अवजारे

घराच्या माळ्यावर, किंवा भिलाईजवळील हथखोजसारख्या औद्योगिक वसाहतीतील भंगाराच्या ढिगात, कधी कधी अशी एखादी वस्तू हाती लागते की, तिचा उपयोग कोणासही सांगता येत नाही. ती मधुमक्षिकापालनातील असावी, ही कल्पना सहसा मनात येत नाही. तथापि या व्यवसायातील अनेक उपकरणांवर एक निश्चित खूण असते. ती माणसाच्या हाताइतकीच मधमाशीच्या देहाच्या मापाने घडलेली असतात.

अमेरिकन धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांना १८५१ साली एक महत्त्वाची गोष्ट उमगली. पेटीत सुमारे ६ ते ९ मिलिमीटर अंतर मोकळे सोडल्यास मधमाश्या त्याचा वाट म्हणून उपयोग करतात. त्याहून अरुंद फट त्या राळेसारख्या द्रव्याने बुजवितात आणि रुंद जागेत पोळे बांधतात. या ज्ञानातून सुट्या चौकटींची पेटी सिद्ध झाली. पुढे १८५७ साली जर्मनीत मेरिंग यांनी षट्कोनी ठसे उमटविलेला मेणाचा पत्रा तयार केला, आणि १८६५ साली ह्रुश्का यांनी पोळे न मोडता, ते गरगर फिरवून मध काढण्याची युक्ती शोधली.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे पुष्कळ वस्तू आपोआप बोलू लागतात. चोच असलेल्या डब्यास भाता जोडलेला असेल, तर ते माश्यांना शांत करण्याचे धुराचे यंत्र होय. पिंपाच्या आत आसाभोवती फिरणारा जाळीचा पिंजरा असेल, तर ते मधयंत्र. समान फटींची पट्टी किंवा जाळी आढळल्यास ती राणीस अडवून कामकरी माश्यांना जाऊ देणारी असू शकते.

षट्कोनी ठशांचा साचा सापडला, तर मात्र मोजपट्टी घ्यावी. एका ओळीतील सलग दहा घरांची रुंदी मोजावी. ती ५३ मिलिमीटरांच्या आसपास भरली, तर साचा युरोपीय माशीसाठी होता. आपल्या सातेरी माशीची कामकरी घरे लहान असून, प्रदेशपरत्वे ही रुंदी साधारणतः ४३ ते ४९ मिलिमीटर भरते. युरोपीय माशी भारतात १९६० नंतरच्या दशकात हिमाचल व पंजाबच्या भागात यशस्वीपणे रुजली. त्यामुळे एका साच्यावरूनही त्या घरी कोणती माशी पाळली जात होती, याचा अंदाज बांधता येतो.

अशा तपासाचे मोल इस्राएलमधील तेल रेहोव येथे दिसून आले. तेथे अमिहाई माझार यांच्या उत्खननात मातीची नळकांडी ओळीने रचलेली आढळली. त्यांच्या एका टोकास लहान छिद्र व दुसऱ्या टोकास झाकण होते. सुमारे ३००० वर्षांपूर्वीची ती पोळ्यांची घरे असल्याचे २००७ साली जाहीर झाले. जळालेल्या पोळ्यांतील माश्यांचे अवशेष तपासले असता, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या स्थानिक नसून अनातोलियातील माश्यांशी जुळतात, असे आढळले. म्हणजे त्या प्राचीन काळीही माश्या दुरून आणल्या गेल्या असाव्यात!

ती नळकांडी धुऊन पुसून ठेवली असती, तर हा पुरावा नष्ट झाला असता. म्हणून अशी वस्तू सापडताच ती घासू नये, वितळवू नये. चिकटलेले मेण तसेच राहू द्यावे. मापे व सापडल्याचे ठिकाण लिहून ठेवावे, आणि मग जाणकारास दाखवावी.