सोलापूरची चाल, कन्नड शब्द : ‘सैराट’च्या गाण्यांचा सीमेपलीकडचा प्रवास

३१ मार्च २०१७ रोजी कर्नाटकात ‘मनसु मल्लिगे’ नावाचा कन्नड चित्रपट प्रदर्शित झाला. मल्लिगे म्हणजे मोगरा. दिग्दर्शक एस. नारायण आणि निर्माते रॉकलाइन वेंकटेश हे दोघंही कन्नड चित्रपटसृष्टीतले जुने, जाणते. पण पडद्यावरची नायिका होती सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची रिंकू राजगुरू आणि संगीतकार होते आपले अजय-अतुल. चाली तर अशा, की शब्द कळले नाहीत तरी मराठी माणसाचे पाय ताल धरतील.

कारण हा होता ‘सैराट’चा कन्नड अवतार.

गोष्ट तीच, नायिका तीच, संगीतकार तेच, चालीही त्याच. तरीही मराठीत उठलं तसं वादळ कन्नडमध्ये उठलं नाही. असं का झालं असेल? या प्रश्नाचा माग काढायचा, तर आधी ही गाणी मुळात कशी घडली ते पाहायला हवं.

फक्त चार गाणी

‘सैराट’च्या अल्बममध्ये अवघी चार गाणी आहेत. ‘याड लागलं’ अजय गोगावले यांनी गायलं. ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषालच्या आवाजात आहे. ‘सैराट झालं जी’ अजय आणि चिन्मयी श्रीपदा यांचं द्वंद्वगीत. आणि ‘झिंगाट’? ते कोणाचं, हे सांगायची गरज आहे का!

नावं पुन्हा एकदा वाचा. श्रेया बंगाली, चिन्मयी तमिळ सिनेमातून पुढे आलेली. दोघींनी गायलं मात्र करमाळ्याच्या मुलीचं मन, तिच्याच बोलीत. नागराज मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. चित्रपटातली माणसं, शेतं, विहिरी, केळीच्या बागा त्याच भागातल्या. म्हणून गाण्यात ‘वेड’ लागत नाही, ‘याड’ लागतं. एका अक्षराचा फरक, पण त्या एका अक्षरात अख्खा तालुका आहे.

करमाळ्याहून कॅलिफोर्निया

आता गंमत बघा. गावाकडच्या बोलीतली ही गाणी, आणि त्यांचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. हे साधंसुधं ठिकाण नव्हे. पूर्वी हा एमजीएम या चित्रसंस्थेचा स्टुडिओ होता आणि १९३९ सालच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत इथंच मुद्रित झालं होतं. तिथं सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रण करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून ‘सैराट’चं नाव घेतलं जातं. तोही मराठी!

तिथल्या वादकांना मराठीचा गंधही नव्हता. मग त्यांनी वाजवलं कसं? त्याचं उत्तर कागदावर असतं. चाल आणि तिचा आराखडा तयार झाला की प्रत्येक वाद्याला काय वाजवायचं ते स्वरलिपीत उतरवतात. व्हायोलिनचा कागद वेगळा, चेलोचा वेगळा, फ्रेंच हॉर्नचा वेगळा. वादक समोरचा कागद पाहूनच वाजवतात. कानातल्या हेडफोनमध्ये ठरावीक लयीची टिकटिक चालू असते, म्हणजे आधी मुद्रित झालेल्या तालाशी सगळं जुळतं. समोर उभा असलेला संचालक हातांच्या खुणांनी सगळ्यांना एकत्र नेतो. नंतर हे सगळे थर गायकांच्या आवाजाशी जोडले जातात.

खर्चिक काम. मराठी चित्रपटाच्या बजेटकडे पाहता कोणीही म्हणालं असतं, “कशाला एवढं? की-बोर्डवर व्हायोलिन वाजतं की!” वाजतं, पण पन्नास माणसांनी एकाच वेळी ओढलेल्या गजाचा श्वास त्यात नसतो. शिवाय इथं मुद्दा फक्त आवाजाचा नव्हता. हिंदी सिनेमात श्रीमंत घरच्या नायक-नायिकेमागे शंभर व्हायोलिनं वाजतात, ते आपल्याला सवयीचं आहे. ‘सैराट’नं तोच थाट उसाच्या फडात उभ्या असलेल्या आर्ची आणि परश्याला दिला. या दोन पोरांचं प्रेमही तितकंच मोठं आहे, हे संवादात कुठंही सांगितलेलं नाही. ते व्हायोलिनं सांगतात.

गाणी आधी घरात, चित्रपट नंतर

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधीच गाणी मोबाइलवर पोचली होती. पूर्वी कॅसेट दुकानात यायची आणि पानपट्टीवर वाजायची. आता यूट्यूबवर आलेलं गाणं व्हॉट्सअ‍ॅपनं घरोघर जाऊ लागलं. चित्रपट लागला तेव्हा ‘झिंगाट’ लोकांना पाठ होतं. थिएटरात पडद्यासमोर जाऊन नाचणारे प्रेक्षक कित्येकांनी पाहिले असतील, कित्येक जण स्वतः नाचलेही असतील. शंभर कोटींच्या कमाईच्या पुढे जाणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला, आणि त्यात गाण्यांचा वाटा मोठा होता.

कन्नडमध्ये नव्यानं का?

एवढं यश म्हटल्यावर इतर भाषांतले निर्माते येणारच. सर्वांत आधी आलेल्यांत कन्नड होते. पण मूळ चित्रपटावर कन्नड संवाद चढवून तो तसाच का दाखवला नाही? त्यामागे इतिहास आहे. साठच्या दशकापासून कन्नड चित्रपटसृष्टीचा परभाषेतल्या सिनेमांच्या डबिंगला कडवा विरोध होता. आपल्या भाषेतल्या कलावंतांचं काम जाईल, ही त्यामागची भीती. त्यामुळे दुसऱ्या भाषेतली आवडलेली कथा कन्नडमध्ये आणायची, तर चित्रपट नव्यानं करायचा, असाच तिथला रिवाज होऊन बसला होता. साहजिकच गाणीही नव्यानं लिहायची.

आणि खरी कसोटी इथंच लागते.

चाल आधीच ठरलेली असते. कुठं स्वर लांबवायचा, कुठं झटका द्यायचा, हे पक्कं असतं. गीतकाराला त्या साच्यात नवी भाषा बसवायची असते. मराठीत कितीतरी शब्द व्यंजनावर तुटतात. याड, मन, सैराट, झिंगाट! शेवटचा ‘ट’ तोंडातून सुटतो तो थेट ढोलावरच्या टिपरीसारखा. कन्नडचा स्वभाव वेगळा. तिथं शब्द बहुधा स्वरावर संपतो. आपलं ‘मन’ तिथं ‘मनसु’ होतं. बोलताना ‘बस’चं ‘बस्सु’ आणि ‘कार’चं ‘कारु’ होतं. बंगळूरला किंवा धारवाडला नातेवाईक असतील तर तुम्ही हे ऐकलंच असेल. त्यामुळे संथ, गोड चालीत कन्नड लोण्यासारखी विरघळते. पण जिथं चालीला टणत्कार हवा, तिथं गीतकाराची परीक्षा असते.

शीर्षकाचंच घ्या. ‘सैराट’ म्हणजे मोकाट, लगाम नसलेलं. या शब्दाला बेफाम वारा लागलेला आहे. कन्नडमध्ये त्याच्या जागी आला मोगरा. सुगंधी, सुंदर, पण शांत.

पुढे हिंदीत ‘धडक’ आला, २० जुलै २०१८ रोजी. संगीत पुन्हा अजय-अतुल यांचं, गीतं अमिताभ भट्टाचार्य यांची. त्यांनी जुन्यांपैकी दोनच चाली ठेवल्या आणि इतर गाणी नवी केली. ‘याड लागलं’चं ‘पहली बार’ झालं. पण ‘झिंगाट’ला हिंदीतही दुसरा शब्द सापडला नाही. तो ‘झिंगाट’च राहिला!

चाल जाते, माती मागे राहते

मग कन्नडमध्ये काय कमी पडलं? चालीत तर काहीच कमी नव्हतं. पण ‘सैराट’ची गाणी चित्रपटाच्या पूर्वार्धातच येऊन जातात. ती आपल्याला त्या गावात, त्या बोलीत, त्या दोघांच्या स्वप्नात रमवतात. उत्तरार्धात दोघं हैदराबादला पोचतात आणि गाणी थांबतात. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच उरत नाही. ती शांतता अंगावर येते, कारण आधी आपण त्या सुरांत भिजलेलो असतो. गाणी आणि ती बोली यांची गाठ जरा सैल झाली, की त्या शांततेचं वजनही हलकं होतं.

याचा अर्थ संगीतानं भाषेची हद्द ओलांडू नये, असा मुळीच नाही. उलट सूर कसे फिरतात ते पाहा. अजय-अतुल ज्यांना आदर्श मानतात, त्या इळैयाराजांनी उमेदवारीच्या काळात जी. के. वेंकटेश यांच्या हाताखाली काम केलं होतं. आणि वेंकटेश हे कन्नड चित्रपटांचे नामवंत संगीतकार! म्हणजे कन्नडमधून तमिळमध्ये, तमिळमधून मराठीत आणि मराठीतून पुन्हा कन्नडमध्ये, असा हा फेरा पूर्ण झाला. ज्या सोलापूर जिल्ह्यात ही गाणी रुजली, तिथंही मराठीच्या जोडीला कन्नड बोलली जातेच.

घरी करून पाहा

• एका संध्याकाळी सगळे मिळून ‘याड लागलं’ ऐका आणि लगेच ‘पहली बार’. पहिल्याच शब्दावर आवाज किती वेळ रेंगाळतो, ते मुलांना मोजायला सांगा.

• मग ‘मनसु मल्लिगे’ची गाणी लावा. अर्थ शोधू नका. शब्द कुठल्या अक्षरावर संपतात, तेवढंच टिपा.

• शेवटी हेडफोन लावून मूळ गाणं पुन्हा ऐका आणि फक्त व्हायोलिनचा माग धरा. गायक थांबतो तेव्हा ती काय बोलतात?

आजीला ‘याड’ शब्द ऐकून तिच्या गावचं कोणी आठवलं, तर गाणं बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. तिच्या बोलीतले असे आणखी दहा शब्द त्या संध्याकाळी सहज निघतील. ते लिहून ठेवा. पुढचं गाणं कदाचित त्यातल्याच एखाद्यातून सुचेल.