नाव ‘उधळ्या’, पण हिशोब पक्का!



‘स्क्वांडरर’ म्हणजे उधळ्या. १९७० च्या दशकातला हा घोडा, ट्रेनर रशीद बैरामजी. १९ शर्यती धावला, १८ जिंकला! लोकांनी जीत बघितली, तुम्ही खर्च बघा. मुंबईच्या महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची, म्हणजे साधारण अडीच मिनिटांचा खेळ. पण चारा, नाल, मोतद्दाराचा पगार वर्षभर चालूच.

दारव्ह्यात मंडप-डेकोरेशन टाकताय? कमाई लग्नसराईची, पण गोदामाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता बारा महिने. म्हणून आधी रिकाम्या महिन्यांचा खर्च वहीत मांडा, तेवढी रक्कम बाजूला काढा, मगच कर्ज उचला. नाहीतर सिझन चांगला जाऊनही घरचं सोनं गहाण पडतं.

व्हिडिओ संपला की वही उघडा. आजच!