लॉख नेसचे गूढ

स्कॉटलंडमधील लॉख नेस हे सरोवर सुमारे २३० मीटर खोल. कुजलेल्या वनस्पतींच्या कणांनी पाणी इतके काळपट, की काही मीटर खालचेही दिसत नाही; राक्षसाला लपायला याहून सोयीची जागा कोणती? १९३४ साली लांब मानेचे छायाचित्र छापून आले आणि पुष्कळांना कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला प्लेसिओसॉर आठवला. ते खेळण्यातील पाणबुडीवर बसवलेले डोके होते, हे १९९४ मध्ये उघड झाले. पण छायाचित्र खोटे म्हणून प्राणी नाहीच, असे म्हणता येईल काय? नाही! २०१८ मध्ये नील गेमेल यांच्या पथकाने ठिकठिकाणचे पाणी घेऊन त्यातील डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मागमूस नाही. ईल माशांचा मात्र सर्वत्र! ईल केवढा, हे डीएनए सांगत नाही.